न मिटणारी भेग

विठाबाईंच्या कारखान्यातून गेलेली एकही पाटी पन्नास वर्षांत तक्रार होऊन परत आली नव्हती. कन्नड मुलखातल्या या शहरात, शिवाजीनगरच्या बसस्थानकामागच्या गल्लीत त्यांचे काम चाले. कॅन्टोन्मेंटमधल्या शाळांच्या, चर्चच्या, दवाखान्यांच्या संगमरवरी पाट्यांवर जी उठावाची अक्षरे दिसतात, त्यांतली निम्मी याच कारखान्यात ॲसिडाने कोरलेली होती. हे विठाबाई आपणहून कधी सांगत नसत. समोरच्याने विचारावे अशी तजवीज मात्र करीत.

त्या रविवारी त्यांची नात प्रणिता आली आणि पिशवीतून फिकट दगडाच्या दोन फरश्या काढून तिने टेबलावर ठेवल्या.

"आज्जी, पुन्हा फसलं."

प्रणिता शहराच्या टोकाला, येलहंकाच्या एका खडक-प्रयोगशाळेत संशोधक होती. जमिनीखाली तीन किलोमीटरवर, अतिशय घट्ट चुनखडकात नैसर्गिक वायू कोंडलेला असतो. विहिरीतून प्रचंड दाबाने ॲसिड सोडून त्या खडकाला भेग पाडायची, ॲसिडाने भेगेच्या भिंती खाल्ल्या की वायूला वाट मिळते. पण पंप थांबला की वरच्या खडकाचे ओझे भेग मिटवून टाकते. प्रणिता प्रयोगशाळेत हेच दोन फरश्यांवर करून पाहत होती, आणि दोन्ही वेळा दाबाखाली फरश्या अशा मिटल्या होत्या की फुंकरही आरपार जाईना. शुक्रवारी तिसरी आणि शेवटची चाचणी होती. ती फसली तर प्रमुख जयतीर्थ हे काम बंद करणार होते.

विठाबाईंनी फरशीवर अंगठा फिरवला.

"ही तर गुळगुळीत आहे. सगळीकडे सारखं खाल्लं तर उभं काय राहणार? दोन सपाट अंगं चिकटणारच! आपण अक्षर कसं उभं करतो?"

"अक्षरावर लाख लावतो. बाकीचं ॲसिड खातं."

"हं. झाकलेलं उभं राहतं."

"पण आज्जी, तीन किलोमीटर खाली ब्रश घेऊन कोण उतरणार? तू?"

"ब्रशाचं नाव काढलं का मी? नागराज, राळ आण!"

नागराज त्यांचा तीस वर्षांपासूनचा कारागीर. "सरी अक्का," असा कन्नडमध्ये होकार देत त्याने कुटलेल्या राळेचा डबा आणला. विठाबाईंनी मूठभर राळ संगमरवराच्या तुकड्यावर भिरकावली, कण चिकटतील इतकीच ऊब दिली आणि वरून ॲसिड ओतले. फसफस शमल्यावर तुकडा धुतला, तेव्हा कण बसले होते तिथे इवलीशी टेकाडे उभी होती आणि त्यांच्यामधून वाटा गेल्या होत्या.

"अक्षरांमागची खरबरीत जमीन आम्ही अशी करतो."

प्रणिताने तुकडा उजेडात धरून टेकाडांवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "कण ॲसिडाबरोबरच पाठवता येतील. पण तिथल्या उष्णतेत राळ वितळेल."

"मग दुसरं काही शोध. ॲसिडाचं काम होईपर्यंत टिकेल आणि मग आपणहून नाहीसं होईल, असं. एवढं शिकवलं तुला ते कशासाठी?"

तीन दिवसांत प्रणिताने शोधले. मक्यापासून केलेल्या एका प्लास्टिकचे दाणे खडकाच्या उष्णतेत काही तास टिकत आणि मग हळूहळू विरघळत. पण गुरुवारी सकाळी तिचा फोन आला, आवाज बसलेला.

"आज्जी, दाणे टाकून पाहिलं, फरशी कोरीच राहिली. ॲसिडानं खाल्लंच नाही."

विठाबाई रिक्षा करून थेट येलहंकाला पोचल्या. पहारेकरी पास विचारत राहिला. तो फोन फिरवेपर्यंत त्या आत होत्या.

"अम्मा, इथे ॲसिड असतं, जपून," जयतीर्थ कन्नडमध्ये म्हणाले.

"तुम्ही पाळण्यात होतात तेव्हापासून मी ॲसिडाच्या वाफेत उभी आहे," विठाबाईंनी त्याच भाषेत सुनावले आणि दाण्यांची बरणी उचलली. आतले दाणे मोहरीसारखे एकसारखे होते. "हे चाळले कोणी?"

"मी," प्रणिता म्हणाली. "प्रयोगात आकार सारखाच ठेवायचा असतो."

"तिथेच चुकलं. सारखे दाणे फरशीभर एकाच थरात अंगाला अंग लावून बसतात, ॲसिडाला शिरायला जागा कुठे राहते? आपल्याकडे राळ कुटतात, चाळत नाहीत. जाड, बारीक, भुकटी, सगळं एकत्र, म्हणजे ते विस्कटून बसतं. आणि एकदम ओतायचं नाही. एक मूठ, मग ॲसिड, मग पुन्हा मूठ."

"प्रमाण किती, अम्मा?" जयतीर्थांनी वही उघडली.

"प्रमाण हातात असतं."

"जरा लिहिता येईल असं सांगा. तुमचा हात मी पंपात कसा घालू?"

विठाबाईंना हसू फुटले. उत्तर त्यांना आवडले होते. त्यांनी न चाळलेले दाणे मागवून सात वेळा मूठ भरली, आणि प्रणिताने प्रत्येक मूठ तोलली, त्यातले जाड-बारीक दाणे वेगळे करून मोजले. संध्याकाळपर्यंत सात मुठींचा एक तक्ता तयार झाला. पन्नास वर्षांचा हात कागदावर उतरलेला विठाबाई प्रथमच पाहत होत्या.

शुक्रवारी दाणे आणि ॲसिड पाळीपाळीने सोडून कोरलेल्या, धुऊन काढलेल्या दोन फरश्या दाबयंत्रात समोरासमोर बसल्या. काटा चढू लागला. चौरस इंचाला एक हजार पौंड, दोन हजार. मागच्या दोन्ही वेळा तीन हजारांना वायू थांबला होता. तीन हजार झाले. वायू वाहत राहिला. चार हजार.

"पुरे," जयतीर्थ म्हणाले. "ठरलेला दाब झाला."

विठाबाई बोलणार, तोच प्रणिता म्हणाली, "सर, पाच हजारांवर न्या. विहिरीत वरचा डोंगर पुरे म्हणून थांबत नाही."

जयतीर्थांनी दाब वाढवला. पाच हजारांना वायूचा आकडा थोडा घसरला, अडखळला आणि स्थिर झाला. अर्धा तास तो तिथेच राहिला.

"उन्हाळ्याआधी विहिरीवर नेऊ," जयतीर्थ म्हणाले. "तुमच्या हाताखाली, प्रणिता."

फरश्या उघडल्या गेल्या. विठाबाईंनी चष्मा लावून एकेक टेकाड पाहिले. कडांना थोडी घसट होती, कोसळले एकही नव्हते. पन्नास वर्षांत त्यांनी कारागिरांना जे वाक्य क्वचितच ऐकवले होते, ते त्या तिथे उभ्या राहून म्हणाल्या, "चांगलं काम आहे." म्हणाल्या मात्र कन्नडमध्ये, आणि चांगल्या मोठ्या आवाजात, दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्यालाही कळावे म्हणून.