लपवलेलं बटण

पोरगी नऊ वर्षांची. डोकं तल्लख, पण तोंडातून शब्द फुटत नाही. तिच्याऐवजी बोलतो तिचा टॅब. चित्राचं बटण दाबलं की आवाज येतो: पाणी, हवं, दुखतंय, नको. त्या टॅबच्या जोरावर तर ती चारचौघांच्या शाळेत, चारचौघांच्या वर्गात बसली होती.

शाळेच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय, सगळ्यांना सामावून घेऊ. पण पोरगी दिवसभर ‘नको, नको’ वाजवायला लागली तशी बाईंचं डोकं उठलं. त्यांनी आईला बोलावून साखर पेरत सांगितलं, की वर्गाला त्रास होतो, तेवढं बटण काढा, नाहीतर दुसरी शाळा बघा. आई घाबरली. शाळा सुटली तर पोर पुन्हा घरात भिंतीकडे तोंड करून बसणार. तिने मुकाट्याने बटण लपवलं. लेकराची जीभ छाटायला लावली बाईंनी आणि छाटली सख्ख्या आईने.

त्याला दहा दिवस झाले. आज बाहेर शाळेच्या व्हॅनचा हॉर्न वाजला आणि पोरीने बूट भिरकावले. टॅबच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या चौकोनावर ती बोट आपटत राहिली.

“लाडावून ठेवलीय नुसती,” सासूबाई म्हणाल्या. “उचल आणि घाल गाडीत.”

आईने उचललं तर फ्रॉक ओला. चौथ्या वर्षीच सुटलेली सवय. ती तिथेच खाली बसली आणि टॅबवर ‘नको’चं बटण परत आणलं.

“शाळा नको का गं?”

पोरीने दाबलं: हवं. मग माणसांच्या फोटोंचं पान उघडलं. बाबा, आजी, बाई, व्हॅनवाले काका. बोट काकांवर थांबलं. नको. पुन्हा काका. दुखतंय. नको.

सासूबाईंच्या हातातला डबा हातातच राहिला. आईला आठवलं, हे दहा दिवस पोरीला पट्टा लावून काकांच्या व्हॅनमध्ये रोज तिनेच बसवलं होतं.

काका फाटकातून आत आले होते, हसत. “द्या इकडे वहिनी. माझं ऐकते ती. गाडीत कशी गप्प बसते बघा.”

आईने दार लोटलं, कडी घातली, पाठ लावून उभी राहिली. नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना.

हॉर्न पुन्हा वाजला नाही. दाराखालच्या फटीतून दोन चपला दिसत होत्या. जागच्या हलत नव्हत्या.