माझ्या सासूचा ताईत

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझी आई सांगायची. नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्या दिवसापासून आम्ही असलं काही मानत नाही, म्हणून मी खुशाल घेते: बाबाराव. नाव घेऊन घेऊन माझे दात पडले, बाबाराव अजून ठणठणीत आहेत.

दीक्षा घेऊन आलो आणि आंजीच्या आमच्या वस्तीनं घरातले देव धाम नदीत सोडले. सगळ्यात आधी टोपलं डोक्यावर घेऊन निघाली ती माझी सासू, सीताबाई. तिचं सगळं असंच. एकदा ठरवलं की मागं पाहायचं नाही. देव गेले, गंडेदोरे गेले, पण हिवाळा संपता संपता बाबारावांच्या ध्यानात आलं की लोकांच्या गळ्यातले चांदीचे ताईत तसेच आहेत. कोणी सदऱ्याच्या आत ढकलले होते, कोणी पदराखाली.

बाबाराव मॅट्रिकपर्यंत शिकलेले. वस्तीतल्या पोरांची एक कमिटी होती, तिचे ते अध्यक्ष. त्यांनी जाहीर केलं की सगळे ताईत गोळा करायचे, अण्णाजी सोनाराकडे आटवायचे आणि त्या चांदीचं धम्मचक्र करून वैशाखी पौर्णिमेला विहाराच्या दारावर लावायचं. विहार म्हणजे तेव्हा कुडाची एक खोली होती, पण दार चांगलं होतं.

म्हाताऱ्या नानाजीनं पहिल्याच मीटिंगमध्ये हात वर केला. "म्हंजे गळ्यातलं काढून दाराले बांधाचं. थे चाक ताप उतरवते का?"

"नाई, नानाजी."

"इच्चू उतरवते?"

"थे काहीच उतरवत नाई. थे खूण हाये. मानसानं थांबू नोये, चालत राहावं, याची खूण."

"माह्ये गुडघे दुखतात गा," नानाजी म्हणाला. "मले चालाची खूण नोको दाखवू. या ताईतानं दोन वर्सं ताप नाई आला मले."

"थो डीडीटीनं नाई आला! मलेरियावाले घरोघर फवारा मारून गेले ना?"

"तं माह्या ताईत पाहूनच आले असतीन."

यावर बाबारावांचं ठरलेलं भाषण सुरू झालं. "काय असते ताईतात? कचरा! बुवाच्या चुलीतली राख, नाई तं वाळलेली काडी. कचरा गळ्यात बांधून फिरून राह्यले तुम्ही!" कचरा हा शब्द त्यांना फार आवडायचा. प्रत्येक भाषणात चार वेळा तरी यायचा, आणि प्रत्येक वेळी मूठ टेबलावर आदळायची. टेबल आमच्या घरचं होतं.

शेवटी पुरुषांनी ताईत दिले. नानाजीनंही दिला, पण आधी डीडीटीवाले पुन्हा कधी येणार ते विचारून घेतलं. अण्णाजी सोनारानं सगळे तोलून पाहिले आणि तोंड वाकडं केलं. "चाकाची गोल पट्टी होईन. आरे नाई होनार. बिनआऱ्याचं चाक म्हंजे कडं, बाबाराव. हातात घालून फिरजो."

भारी ताईत होते ते बायांच्या गळ्यात. शोभाबाई आणि यशोदाबाई एका सुरात म्हणाल्या, "सीताबाईनं देला का आम्ही देतो." म्हणजे सगळं गाडं येऊन अडलं ते आमच्याच उंबऱ्यावर.

"माय, दे ना थो ताईत," बाबाराव म्हणाले.

"नाई."

"आत काय हाये त्याच्यात?"

"तुले काय कराचं?"

"कोन्या बुवानं देला?"

"मी कोन्या बुवाच्या दारात गेलती का कधी? जेव अन् जाय कामाले."

आता माझं सांगते. गावात बाया म्हणायच्या, सीताबाईनं लेकाला ताईतात बांधून ठेवलंय. मला ते लग्न झाल्यापासून पटत होतं. मीटिंगमध्ये वाघ असलेला हा माणूस घरी आईला विचारल्याशिवाय कानटोपीसुद्धा घालत नसे. ताईतात काही शक्ती असते यावर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि तो ताईत एकदाचा गेला तर नवरा थोडा माझ्याही वाट्याला येईल, असंही मला वाटायचं. दोन्ही एकदमच वाटायचं. त्यात मला सातवा महिना, डोकं तापलेलंच असायचं.

बाबारावांनी उपोषण करून पाहिलं. सकाळी जाहीर केलं. दुपारी सासूनं पातोडीचा रस्सा केला आणि पातेलं त्यांच्यासमोर उघडं ठेवलं. उपोषणवाल्यानं तीन भाकरी खाल्ल्या आणि वर म्हणाला, "तिखट थोडं कमी पडलं."

पण मग लोक हसायला लागले. घरचं होत नाई अन् गावाले शिकवून राह्यला, असं विहिरीवर माझ्या कानांवर आलं. एका संध्याकाळी बाबाराव आईपुढे येऊन बसले. मूठ नाही, भाषण नाही. "माय," ते म्हणाले, "येत्या आयतवारी मी अध्यक्षपद सोडतो. लोकाईचं बरोबर हाये. ज्याची माय त्याचं आयकत नाई, त्याचं गावानं काऊन आयकावं?" त्यांचा आवाज फुटला. नऊ ठिकाणी भाषण देऊन न फुटलेला आवाज. मला एकदम फार वाईट वाटलं त्यांचं. मनात आलं, जाऊन म्हातारीच्या गळ्यातला तो दोरा ओढून तोडावा.

सासूनं सुपातली ज्वारी पाखडून संपवली. मग म्हणाली, "आयतवारी कितीक वाजता हाये तुही मीटिंग?"

रविवारी सकाळी वंदनेला सगळी वस्ती जमली. अण्णाजी सोनार चाकाचं काय ते पक्कं करायला आला होता. सासू थेट पुढे गेली. मानेमागची गाठ सोडली आणि ताईत बाबारावांच्या हातावर ठेवला. "हा घे. पन आटवाच्या आंधी फोडाचा. सगळ्याईसमोर. अन् तूच फोडाचा."

बाबारावांचा चेहरा उजळला. अण्णाजीचा चिमटा घेऊन त्यांनी तोंडावरची लाख उकरली, ताईत तळहातावर आपटला. आतून एक काळं, वाळकं, वाकडं काहीतरी पडलं. सुंठेच्या तुकड्यासारखं. जिंकलेल्या माणसाला दम नसतो. बाबारावांनी ते चिमट्यात धरून उंच केलं आणि चहूकडे फिरवून दाखवलं.

"पाहा! म्या काय सांगतलं होतं? काय असते ताईतात? कचरा!"

"व्हय," सासू म्हणाली, "कचराच व्हय. तुही नाळ हाये थे."

चिमटा हवेत तसाच राहिला. पहिला सावरला तो नानाजी.

"म्हंजे आतून अध्यक्षच निघाले का वं, सीताबाई!"

जो काही हशा पिकला! अण्णाजी तराजू सोडून पोट धरून बसला. आणि तेवढ्यात लोकांचं लक्ष गेलं शोभाबाई आणि यशोदाबाईकडे. दोघींनी पदराखाली आपापले ताईत घट्ट धरले होते. शोभाबाईचा रूपराव कमिटीचा सेक्रेटरी, यशोदाबाईचा श्रावण खजिनदार. अख्खी कमिटी आपापल्या मायच्या गळ्यात लटकत होती, आणि स्वतःला आटवायला निघाली होती.

सासू हसली नाही. "तुह्या आंधीचे दोन गेले," ती म्हणाली. "तू राह्यला. तुही नाळ गळली त्या दिवशी तुह्या बापानं कंबरेचा करदोडा काढून देला, त्याच्या चांदीचा हा ताईत. कोन्या बुवाचा नाई. सांगतलं नाई, काऊन का सांगू नोये म्हनत. देव टाकले तवा मले काहीच नाई वाटलं, बाबा. हे टाकाले हात होत नोहता." मग तिनं रिकामा ताईत उचलून अण्णाजीच्या तराजूत टाकला. "चांदी ने. चाकाले आरे कर. अन् थो कचरा टाकून दे."

बाबारावांनी टाकलं नाही. आईला परतही देता येईना, कारण काय तोंडानं देणार? त्यांनी मूठ मिटली. वंदनेला सगळ्यांचे हात जोडलेले, यांची एक मूठ आणि तिच्यावर दुसरा हात. मी बाजूलाच होते. इतकी वर्षं मी ज्या ताईताचा राग केला, त्यात माझाच नवरा बोटाच्या पेरापेक्षा लहान होऊन निजला होता. मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि पोटात बाळानं लाथ मारली.

शोभाबाई, यशोदाबाईनंही चांदी दिली. पौर्णिमेला चाक लागलं. आठ आरे, त्यातला एक जरा वाकडा. तो माझ्या सासऱ्याच्या करदोड्याचा, असं सासू येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायची. बाबाराव अध्यक्ष राहिले, भाषणंही तीच राहिली. कचरा हा शब्द मात्र गेला, आणि आमच्या टेबलाला आराम पडला.

त्यानंतर महिनाभरानं आमची मुलगी झाली. तिची नाळ गळली त्या सकाळी कमलाबाई सुईण ती परसात पुरायला निघाली. सासूनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ताईत न बांधण्याचा कमिटीचा नियम दोघींना माहीत होता.

तेवढ्यात बाबाराव आले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि कमलाबाईच्या हातातून हळूच ती नाळ घेतली. मग जाकिटाच्या आतल्या खिशातून एक काडीपेटी काढून उघडली. काडीपेटीत काड्या नव्हत्या. कापूस होता, आणि कापसावर सुंठेच्या तुकड्यासारखं ते एक काळं, वाकडं आधीपासूनच होतं. त्याच्या शेजारी त्यांनी लेकीची नाळ ठेवली.

"काऊन रे बाबाराव," सासू दारातून म्हणाली, "ताईत व्हय का थो?"

बाबारावांनी काडीपेटी बंद करून खिशात घातली आणि वरून हात फिरवला.

"नाई माय," ते म्हणाले, "काडीपेटी हाये."