मागच्या जिन्यातला कप

त्या चार मजली इमारतीत कोण नव्हतं! समुद्रापलीकडून आलेले, डोंगरातून उतरलेले, दंगलीतून जीव मुठीत धरून पळालेले. देव निराळे, बोली निराळ्या, नळावर तर रोज एकमेकांचे वाभाडे निघत. ‘आमच्या शहरात सगळ्यांना जागा आहे,’ असं मात्र सगळेच तोंड भरून सांगत. आणि एका बाबतीत चारही मजल्यांचं एकमत होतं. मागच्या जिन्यात खिळ्याला टवके उडालेला एक कप टांगलेला असे. तो मावशीचा. नळ सोडला तर अख्ख्या इमारतीत सामायिक म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती.

कुणाच्या घरातली बाई गेली, की तिला न्हाऊ घालून शेवटचे कपडे चढवायचं काम मावशीचं. तिने यायचं मागच्या जिन्याने. काम झालं की त्या कपात वरून धार धरून ओतलेला चहा प्यायचा, कप विसळून खिळ्याला लावायचा आणि आल्या वाटेने चालू पडायचं. स्वतःच्या आईच्या अंगाला हात लावायला ही माणसं कचरत आणि जी हात लावी तिचाच त्यांना विटाळ! यात लाजण्यासारखं काही आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मावशीने आपल्या लेकीला या कामाची सावलीसुद्धा पडू दिली नव्हती. लेक पलीकडच्या रस्त्यावर टेलर मास्तरांच्या दुकानात शिवायला बसे. मास्तर राहत याच इमारतीत, पण ही कुणाची लेक हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मावशी तांदूळ निवडत बसली होती. भर दुपारी लेक दारात उभी, हातात स्वतःची कात्री.

“आज लवकर गं?”

“मास्तरांनी काढून टाकलं. मी तुझी मुलगी असल्याचं कुणीतरी सांगितलं त्यांना.”

“मग? काय म्हणाले?”

“म्हणे, पोरी, तुझ्या हाताला तोड नाही. पण मढी धुणाऱ्या घरातला हात लागलेले कपडे कोण घालणार? गिऱ्हाइकं पळतील.” तिने कात्री ट्रंकेत टाकली. “आता पुढच्या वेळी मीच येते तुझ्याबरोबर. शिक्का तर बसलाच आहे.”

तांदूळ तसेच राहिले.

आठवडाही उलटला नाही तोच मास्तरांची म्हातारी आई गेली. शेजारीण निरोप घेऊन आली आणि दोन हात लांबूनच बोलून गेली. लेक उठली तर मावशीने तिला खाली बसवलं आणि एकटीच गेली, मागच्या जिन्याने.

तिने म्हातारीला कोमट पाण्याने न्हाऊ घातलं, केस विंचरले. मग सुनेने शेवटचा झगा आणून दिला. म्हातारीने तो महिन्यापूर्वीच हौसेने शिवून घेतला होता. बटणं लावता लावता मावशीची बोटं थबकली. प्रत्येक काजाच्या टोकाला दोन आडवे टाके. लेकीने घरी जुन्या चिंध्यांवर रात्रंदिवस गिरवलेले ते टाके तिने डोळे मिटूनही ओळखले असते.

तिने उरलेली बटणं नीट लावली. मग जिथे कधी पाऊल टाकलं नव्हतं त्या पुढच्या खोलीत ती येऊन उभी राहिली. चारही मजल्यांची माणसं जमली होती.

“मास्तर, आईंचा झगा कुणी शिवला?”

मास्तर खाली बघू लागले. सूनच बोलून गेली, “त्याच मुलीने. सासूबाईंना दुसऱ्या कुणाची काजं चालायचीच नाहीत.”

“मग काढू तो? माझ्या घरचा हात लागलाय त्याला.”

“मावशी, अहो ही काय वेळ आहे?” मास्तर कसेबसे म्हणाले.

“माझ्या लेकीला हाकललंत तेव्हा वेळ बघितली होती?”

मास्तरांनी घाम पुसला. “बरं, उद्यापासून पाठवा तिला. फक्त मागच्या खोलीत बसू दे. गिऱ्हाइकांच्या नजरेला पडायला नको.”

मावशीचा चेहरा लालबुंद झाला. ती आत गेली, मागच्या जिन्यातला कप काढून आणला आणि पुढच्या खोलीतल्या टेबलावर ठेवला.

“माझी लेक मागच्या खोलीत बसणार नाही. तुमच्याकडे नाही तर दुसरीकडे, पण चारचौघांत बसून शिवेल. तुमच्या आईंनी तिच्या हाताचं चीज केलं, म्हणून त्यांचं सगळं नीट केलंय. पण हे शेवटचं. पुढच्या वेळी आपापल्या आयांना आपणच न्हाऊ घाला.”

आणि ती पुढच्या दाराने बाहेर पडली. माणसं अंग चोरून बाजूला झाली, पण तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

चौथ्या मजल्यावरची आजी आता अंथरुणाला खिळली आहे. तिघी सुना आहेत, पण पाणी कोण तापवणार हे अजून ठरत नाही. त्यांना हसू नका, वाचकहो. आधी आपल्या मागच्या जिन्यात काय टांगलंय, ते एकदा जाऊन बघा.