गुलाबी वॉशिंग्टनची पाठ

अनिरुद्धराव देवभोळे मुळीच नव्हते, पण हात धुऊन कोरडे केल्याशिवाय आल्बमला त्यांनी कधी बोट लावलं नाही. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारा हा निवृत्त कारकून गेली चाळीस वर्षं अमेरिकन पोस्टाची जुनी तिकिटं जमवत होता. त्यात जीव की प्राण होतं ते १८६७ सालचं तीन सेंटचं गुलाबी वॉशिंग्टन. समोरून पाहिलं तर असली तिकिटं पैशाला पासरी. खरं मोल होतं पाठीवर. शिक्क्याची शाई कागदात मुरावी, तिकीट धुऊन कुणी पुन्हा वापरू नये, म्हणून त्या काळी काही तिकिटांवर बारीक टिंबांचा चौकोन दाबत. तो बोटाला लागायचा.

मार्गळी या थंडीच्या महिन्यातल्या एका सकाळी रावांनी तिकीट उलटं केलं आणि बोटाला काहीच लागलं नाही.

तिकीट बदललं होतं! आल्बमला हात लावणारा दुसरा माणूस जगात एकच, कृष्णमूर्ती. निवृत्त शाळामास्तर, तीस वर्षांचा स्नेही, दर रविवारी कॉफीला हजर. मग सुतावरून स्वर्ग गाठायला कितीसा वेळ? त्याच्या घरी दिवाळीत रंगीत टीव्ही आला होता, वर केबलही. मास्तराच्या पेन्शनीत? मद्रासच्या तिकीटवाल्याशी त्याचा पत्रव्यवहार होता म्हणे. शिक्क्याचा काळा डाग तिकिटावर जिथल्या तिथे होता, पण असले डाग हजार तिकिटांवर असतात, अशी रावांनी आपली समजूत घातली. संशय शिरला की शहाणा माणूसही स्वतःचा वकील होतो.

रविवारी कृष्णमूर्ती आले. रावांनी आधीच पानापानावरची तिकिटं मोजून ठेवली होती. कृष्णमूर्ती भिंगातून तिकिटं बघत होते, राव कृष्णमूर्तींना बघत होते. एकदा पाहुण्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला आणि रावांनी कॉफीचा पेला खाली ठेवला.

निघायच्या वेळी बोलवायला कृष्णमूर्तींची लेक जननी दारात आली. तेवढं तरी भान ठेवायचं! पण राव म्हणाले, "कृष्णमूर्ती, जरा राहा. खिशांत काय आहे, दाखवा बघूं."

आधी कृष्णमूर्ती हसले, थट्टा समजून. मग त्यांनी रावांचा चेहरा पाहिला. शर्टाच्या खिशातून एकेक वस्तू काढून त्यांनी मेजावर ठेवली: टाउन बसचं तिकीट, चष्म्याचं फडकं, तपकिरीची डबी. रावांनी डबीसुद्धा उघडून पाहिली. जननी खाली बघत उभी होती. कृष्णमूर्तींनी सगळं परत खिशात घातलं आणि लेकीबरोबर निघून गेले.

"ऐयो, काय केलां हें!" आतून रावांच्या पत्नी अंबाबाई आल्या. "काय हरवलें?"

रावांनी टिंबांचं सांगितलं. अंबाबाईंनी कपाळाला हात लावला.

"ऐप्पसी महिन्याच्या पावसांत तिकिटें वळलीं म्हणून तुमीच ना पाण्यांत घातलां? टीपकागदांत ठेवून वर माझी वाटायची अम्मी ठेवलां. दोन दिवस चटणी वाटायला दगड नव्हता मज. एवढ्या दगडाखालीं टिंबें राहतील होय?"

रावांनी आल्बम पुन्हा उघडला. त्या दिवशी दाबलेली टिंबांची आणखी दोन तिकिटं त्यांनी काढली. दोन्ही पाठी सपाट. मग वॉशिंग्टन उजेडात तिरपं धरून भिंग लावलं. एका कोपऱ्यात तीन पुसट टिंबं अजून तग धरून होती. तिकीट तेच होतं. चोर घरातच होता आणि आरशात बघून रोज दाढी करत होता.

चपला पायात सरकवून राव तसेच कृष्णमूर्तींच्या दारी गेले. हात जोडले. सगळं सांगितलं, अम्मीसकट. जननी आत निघून गेली.

"परवाइल्लै, असूं द्या, राव," कृष्णमूर्ती म्हणाले. "दगडाखालीं माणूस सांपडला नाहीं, तिकीटच सांपडलें. बैसा, कॉफी घ्या." ते हसलेही. राव रडायचे तेवढे राहिले.

पुढच्या रविवारी ठरल्या वेळी कृष्णमूर्ती आले. रावांना एवढा आनंद झाला की दार उघडायला ते धावतच गेले.

बाहेर चांगली थंडी होती. चौकात सायकलवाले कानाला मफलर गुंडाळून चालले होते. कृष्णमूर्ती वेष्टी नेसून उघड्या अंगाने उभे होते, खांद्यावर नुसतं पातळ उपरणं.

"शर्ट कां नाहीं घातलां?" रावांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

"असेंच बरें वाटतें, राव," कृष्णमूर्ती म्हणाले आणि अंगावरचा काटा उपरण्याने झाकत आत येऊन बसले.