गार्नेटची तोंडी परीक्षा

आमच्या कॅनडातल्या माँक्टनात एक खोड आहे. दहा फ्रेंच माणसं गप्पा ठोकत बसलेली असू देत, एक इंग्रज आत आला की दहाच्या दहा इंग्रजीवर येतात. कुणी सांगत नाही, जीभच वळते. मला वाटायचं, काय सभ्य लोक आपण! त्या सभ्यपणानं गार्नेटचा जीव खाल्ला.

गार्नेट इंग्रज, रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवरचा माझा जोडीदार. वय पंचावन्न. मुकादमाची जागा निघाली, पण दोन्ही भाषा पाहिजेत. शुक्रवारी फ्रेंचची तोंडी परीक्षा. तीन हिवाळे बिचाऱ्यानं शिकवणी लावली. पण बोलणार कुणाशी?

तो फ्रेंचमध्ये म्हणायचा, "आज गारठा फार."

आमच्याच कामावरचा फ्रेंच झोएल इंग्रजीत, "हो ना बाबा."

"मेल्या, फ्रेंच बोल की!"

"बोलतोय की," झोएल म्हणायचा. तेही इंग्रजीत.

मी नियम काढला, इंग्रजी बोलेल त्यानं गाडी धुवायची. आठवड्यात सगळ्या गाड्या लख्ख. गार्नेट तिथंच.

गुरुवारी माझ्या बायकोनं, एद्मेनं, सगळ्यांसाठी बटाट्याचे गोळे दिले. किसून उकडलेले, करडे, आत खारवलेलं डुकराचं मटण. गार्नेटनं एक उचलला, हुंगला आणि फ्रेंचमध्ये म्हणाला, "हे खायचं? चाकाखाली लावा, गाडी घसरायची नाही."

झालं! झोएल ताडकन उठला. "उकडलेल्या कोबीवर वाढलेला तू, आम्हाला शिकवतोस?"

"कोबीला निदान रंग असतो!"

"माझ्या बायकोच्या हाताला नावं ठेवतोस? उद्या परीक्षेला चालत जा, मी नाही सोडणार!" मी ओरडलो.

तासभर जुंपली. सगळी फ्रेंचमध्ये. एकालाही इंग्रजी सुचेना. आमचा सभ्यपणा इंग्रजी, राग मात्र घरचा. शेवटी बघतो तर गार्नेट घामाघूम होऊन हसतोय, आणि तिसरा गोळा खातोय.

शुक्रवारी मी परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर. पाच मिनिटांत आतून त्याचा आवाज चढला. मग परीक्षक बाईंचा. मी कपाळावर हात मारला. गेली मुकादमी!

अर्ध्या तासानं दार उघडून बाई बाहेर आल्या. तोंड लालबुंद.

"हे तुमचे मित्र?"

"हो बाई. चुकलं का काही?"

"अडखळले म्हणून मी आपलं इंग्रजीत विचारलं, पाणी देऊ का. तर म्हणतात, पाणी राहू द्या, भांडा माझ्याशी!"

"मग... नापास?"

"बर्फ आधी शाळेपुढचा काढायचा की दवाखान्यापुढचा, यावर वीस मिनिटं फ्रेंचमध्ये भांडलो आम्ही," बाई घाम पुसत म्हणाल्या. "नापास कसं करू? मीच हरले."