दोघींच्या गाठी

मित्रांनो, मी रेशमी गालिचा आहे. वयाची शंभरी मी केव्हाच ओलांडली. माझा जन्म इराणमधल्या काशान शहरातला. गुलनार नावाच्या बाईने मला मागावर घेतलं. मंजिष्ठेच्या मुळांचा लाल, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, अशा रंगांत भिजलेल्या रेशमाची ती एकेक गाठ मारायची. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत शंभरावर गाठी. चौथ्या वर्षी, मी अर्धा विणून झालो असताना, तिची नजर गेली. मग तिची मुलगी मरियम मागावर बसली. आई शेजारी बसून रंग तोंडी सांगायची, मुलगी गाठ मारायची. तीन वर्षांनी मी पुरा झालो, तेव्हा गुलनारने मला फक्त बोटांनी पाहिलं.

पुढे व्यापाऱ्यांच्या हातून फिरत मी जर्मनीत आलो. फ्रँकफर्टच्या हेल्गा ब्रांट यांच्या दिवाणखान्यात तीस वर्षं मानाने राहिलो. पाहुणे माझ्याभोवती फिरून म्हणत, "इकडून गडद दिसतो आणि तिकडून बघावं तर चांदणं पडल्यासारखा." मग घरात नवी फरशी आली आणि मी तळघरात गेलो. तिथल्या गळक्या नळाचं पाणी वर्षानुवर्षं माझ्या एका कडेत मुरत राहिलं.

२०१६ साली हेल्गाबाई वृद्धाश्रमात जायला निघाल्या. घर रिकामं करताना त्यांच्या पुतण्याने मला मोडक्या खुर्च्यांसोबत फुटपाथवर ठेवलं. त्या सकाळी श्पेर्म्युलची, म्हणजे घरातल्या अवजड टाकाऊ सामानाची, कचरागाडी यायची होती.

वरच्या मजल्यावर नागपूरचं एक कुटुंब राहायचं. नंदा एका संशोधन संस्थेत जुन्या कापडांचे धागे तपासायची. ती, नवरा जगदीश आणि आठ वर्षांची क्रांती बाजाराला निघाली होती. कचरागाडी कोपऱ्यावर वळली, तेवढ्यात नंदा थबकली.

"अहो, थांबा जरा." तिने माझी कड उलटली. "हे रेशीम आहे."

"ओला आहे, वासही येतोय," जगदीश म्हणाला. "ठेवणार कुठे?"

"ते नंतर बघू. आधी एक टोक धरा."

हेल्गाबाई दारातच उभ्या होत्या. नंदाने विचारल्यावर म्हणाल्या, "जा, जा, घेऊन जा. कुजलाय तो."

जवळजवळ वर्षभर नंदाचे रविवार माझ्यात गेले. आणखी पाणी लावलं असतं तर लाल रंग पसरला असता, म्हणून तिने मला सावलीत हळूहळू सुकवलं, मऊ कुंचल्याने झटकलं, उसवलेली कड सांधली. एकदा भिंगातून माझी पाठ बघता बघता तिचा हात थांबला.

"क्रांती, इकडे ये. या खालच्या गाठी बघ, किती घट्ट आहेत. आणि इथून वर जराशा सैल. इथे हात बदललाय. एकीने अर्धा विणला आणि दुसरीने पुरा केला."

"वारुम?" क्रांतीने जर्मनमधूनच कारण विचारलं.

"ते नाही गं कळत."

मित्रांनो, मला वाचा असती तर तेव्हा बोललो असतो. शंभर वर्षांत माझी वाखाणणी पुष्कळांनी केली, पण मरियमचा हात कुणी ओळखला नव्हता. क्रांती पोटावर पालथी पडून, श्वास रोखून, कितीतरी वेळ ती जागा न्याहाळत राहिली.

मी पुरता बरा झाल्यावर नंदा मला वृद्धाश्रमात घेऊन गेली. हेल्गाबाईंच्या खुर्चीपुढे मला अंथरलं आणि क्रांतीने माझी पाठ उलटून त्यांना हात बदलल्याची ती जागा दाखवली. त्यांनी वाकून त्या गाठींवरून बोट फिरवलं. मग परिचारिकेला म्हणाल्या, "माझ्या चपला काढ."

त्यांनी अनवाणी पाय माझ्यावर टेकवले. "तीस वर्षं मी याच्यावरून बूट घालून चालले," त्या म्हणाल्या. "आता हा तुझ्याकडेच राहू दे, नंदा."

आता मी नंदाच्या घरी आहे, खिडकीच्या उन्हापासून दूर. मित्रांनो, तुमच्या घरातही हाताने घडवलेली एखादी जुनी वस्तू पडून असेल. ती टाकण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा. माझं एवढंच मागणं आहे.