गाडी रिकामी करा

आमच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर पडदा आहे. शहरातल्या सगळ्या ट्राम आणि बसगाड्या त्यावर ठिपके होऊन फिरतात. वेळेवर असेल तो ठिपका हिरवा, उशिरा असेल तो लाल. स्टॉपवरचे लोक आम्हाला शिव्या घालतात. घालू देत बापडे. तीन ट्राम एकदम येतात आणि मग बराच वेळ एकही फिरकत नाही, हे आम्हालाही दिसतं. आम्ही काही इथे लुडो खेळत बसलेले नसतो.

माझ्याकडे सात नंबरची लाइन आहे आणि त्या लाइनवर दिवसभर माझे बाबा असतात. ड्रायव्हर होते, ते कधीच संपलं. आता डोकं साथ देत नाही. घरी एकटे ठेवले तर गॅस चालू करून विसरतात, दार सताड उघडं टाकून निघून जातात. पण ट्राममध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवलं की एकदम शांत. अर्धेअधिक ड्रायव्हर त्यांच्याच हाताखाली शिकलेले, त्यांना उस्ताद म्हणतात. सकाळी मी बाबांना गाडीत बसवते, आणि थोड्या वेळाने वायरलेसवर निरोप येतो, "कंट्रोल, उस्ताद आमच्याकडे आहेत, मजेत आहेत." ड्रायव्हर बदलला की जुना नव्याला सांगून उतरतो. माझी ड्यूटी संपली की शेवटच्या स्टॉपवरून मी त्यांना घेऊन घरी जाते. नियमात हे कुठेच बसत नाही, पण आमच्या साहेबांनी कानाडोळा केला आहे.

दादाला हे पहिल्यापासून खटकायचं. "बाप म्हणजे काय पार्सल आहे, दिवसभर गावभर फिरवायला?" मी म्हणायचे, मग तू ठेव तुझ्याकडे. त्यावर तो विषय बदलायचा. मागे एकदा बाजारात बाबांचा हात माझ्या हातातून सुटला आणि ते संध्याकाळी सापडले, तेव्हा मात्र त्याने बाबांच्या सगळ्या शर्टांच्या खिशात स्वतःचा फोन नंबर शिवून घेतला आणि मला बजावलं, "आता पुन्हा हरवले, तर मी त्यांना वृद्धाश्रमात नेऊन ठेवणार. तू मध्ये पडायचं नाहीस." मी तो वृद्धाश्रम बघून आले होते. खिडक्यांना जाळ्या, आणि भिंतीला पाठ लावून ओळीने बसवलेली माणसं. तरी मी कबूल केलं. कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते?

आज दुपारी एक ट्रक रुळांवर आडवा झाला. सात नंबरच्या गाड्या एकामागे एक तुंबल्या. ट्रक हलला तेव्हा तीन ट्राम एकमेकींना चिकटून निघाल्या आणि उलट्या दिशेला सगळा ठणठणाट. अशा वेळी मागची गाडी अर्ध्या वाटेत रिकामी करून परत वळवायची, हा आमचा रोजचाच उपाय. मी बटण दाबलं. "तिसरी गाडी, पुढच्या स्टॉपवर गाडी रिकामी करा आणि मागे फिरा."

त्या गाडीत बाबा आहेत, हे मला सकाळीच कळलं होतं. मला फक्त लाल ठिपका दिसला.

ड्रायव्हर नुकताच बदलला होता. ट्रकच्या गोंधळात जुना नव्याला सांगायचं विसरला. सगळे उतरा म्हटल्यावर बाबाही उतरले. कंट्रोलचा हुकूम त्यांनी जन्मात कधी मोडला नव्हता.

ठिपके हिरवे झाले. शेजारचा बसगाड्या बघणारा म्हणाला, "झकास सोडवलंस हं." मी चहाचा कप तोंडाला लावला आणि मला बाबा आठवले. एकेका ड्रायव्हरला विचारलं, स्टॉपवर माणूस पाठवला. तिथे कोणीच नव्हतं. स्वतः धावत सुटावं असं वाटत होतं, पण माझी जागा घ्यायला कोणी नव्हतं. वाटेल तिथे शोधलं असतं, पण जुन्या डेपोचं काही डोक्यात आलं नाही. गाडी काढून घेतली की ड्रायव्हरने डेपोत हजर व्हायचं, असा बाबांच्या वेळचा नियम. डेपो पाडून तिथे फर्निचरचं दुकान झालंय. त्याच्या पार्किंगमध्ये बाबा उभे होते. पोलिसांनी खिशातला दादाचा नंबर लावला.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "बाबा माझ्या गाडीत बसत नाहीयेत. कंट्रोलने सांगितल्याशिवाय हलणार नाही म्हणतात. तूच सांग."

"कुठे नेतोयस?"

"तुला माहीत आहे," तो म्हणाला. चिडला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाज रडवेला होता.

त्याने फोन बाबांच्या कानाला लावला.

"बाबा, मी बोलतेय."

"कोण?"

"तुमची मुलगी."

"बाळा, नंतर कर फोन. मी ड्यूटीवर आहे. कंट्रोलचा निरोप यायचाय."

जाऊ नका म्हटलं असतं, तर ते रात्रभर तिथेच उभे राहिले असते. आणि उद्या? उद्याही मला याच खुर्चीत बसायचं होतं. मी घसा साफ केला आणि माइकवर बोलते तशी बोलले.

"कंट्रोल बोलतंय. तुमच्यासाठी गाडी आली आहे. तिच्यात बसा."

"शेवटपर्यंत जायचं?"

"हो. शेवटपर्यंत."

"ठीक आहे, कंट्रोल," बाबा म्हणाले. किती खूश होता त्यांचा आवाज. मग गाडीचं दार लागलं आणि फोन बंद झाला. पडद्यावर सात नंबरची लाइन सगळी हिरवी होती.